अठरा मिलिमीटर

ती डॉक्टर आहे, पण नाडी बघत नाही.
पहिल्याच दिवशी शेजारच्या गुणाबाईने दुखरा गुडघा पुढे केला
तर म्हणाली, मी चिखलाची डॉक्टर.
होडीत सगळ्या हसल्या.
मी हसले नाही. मला काम हवं होतं,
दिवसाचे पाचशे, सुकतीच्या वेळेला चार तास.

कालावलच्या खाडीत कुठे पाय टेकतो
आणि कुठे टेकत नाही, एवढं मला कळतं.
तिला कांदळाच्या मुळाखालचा काळा चिखल हवा होता,
कुजक्या अंड्याचा वास येतो तो,
बोटभर नळ्यांत, प्रत्येक नळीला आकडा.
'ह्यात काय गावतला गो?'
'औषध. गावलं तर.'
ती पुण्याची, पण तेवढा शब्द उचलला होता.

ह्याच चिखलात हरेशच्या पायाला शिंगाळ्याचा काटा लागला.
केवढासा काटा.
आधी हळद, मग फळीवरच्या दोन गोळ्या,
मागच्या तापातल्या उरलेल्या.
तो गोळ्या कधीच संपवायचा नाही.
बरं वाटलं की पाकीट मुडपून ठेवायचा,
सुटे गळ ठेवावेत तसं,
कुणाचा दात दुखला, कुणाला खोकला, देऊन टाकायचा.
हात सैल होता त्याचा.

मालवणात पट्टी, ओरोसला चिरा,
बांबोळीला पोचलो तोवर मांडीपर्यंत काळं.
तिथे एका कागदावर चौदा औषधांची नावं होती
आणि चौदाही नावांपुढे एकच इंग्रजी अक्षर.
मी विचारलं, सगळीकडे सारखंच, म्हणजे पास का?
शिकाऊ डॉक्टर पोरगा होता, डोळे जागून लाल.
म्हणाला, मावशी, जंतू दाद देत नाहीत.
दाद.
जशी आम्ही तलाठ्याकडे मागत होतो.

हे तिला सांगितलं तेव्हा नळी तिच्या हातात तशीच राहिली,
पाणी गुडघ्यावर चढलं तरी.
पुस्तकातलं काही बोलली नाही.
बूच लावलं, आकडा लिहिला. सदतीस.

मग पुरा पावसाळा तिचा पत्ता नाही.
दिवाळीच्या आधी आली, कोरड्या पायांची,
मोबाइलवर फोटो घेऊन. काचेची बशी,
बशीभर पांढुरकी साय.
'हे ते. हरेशभाऊंना झालं त्याच जातीचे.'
मधे एक ठिपका,
ठिपक्याभोवती रिकामा गोल.
स्वच्छ. तिथे कुणी फिरकलेलं नाही.
सदतीस नंबर, ती म्हणाली. तुम्ही दाखवलेल्या जागेतला.

हरेश पाग टाकायचा तेव्हा पाण्यावर
असाच गोल पडायचा, क्षणभर,
मग शिसं खाली जायचं आणि खाडी पुन्हा सारखी व्हायची.
फोटोतला गोल बुजत नव्हता.

मी विचारलं, दुकानात कधी येणार?
ती खोटं बोलू शकली असती.
आधी त्या ठिपक्यातलं नेमकं काय ते वेगळं काढायचं,
मग उंदीर, मग माणसं, दहा वर्षं, बारा,
आणि बहुतेक वेळा मधेच कळतं की ह्याने मूत्रपिंड जातंय,
नाहीतर हे आधीच कुणाला तरी सापडलं होतं.
'बहुतेक वेळा,' ती पुन्हा म्हणाली
आणि चहा ढवळत राहिली, बिनसाखरेचा.

केवढा आहे तो गोल?
अठरा मिलिमीटर.
मी अंगठ्याच्या नखावर मोजून घेतला.

फळीवर अजून एक मुडपलेलं पाकीट आहे, सहा गोळ्यांचं.
फेकवत नाही, कुणाला देववत नाही.

परवा मुळे निवडताना एक हाती आला,
बरोबर तेवढाच.
टोपलीत नाही घातला.
वाढूदे म्हटलं, आणि जिथून काढला
तिथेच कोपरापर्यंत हात घालून
ठेवून दिला.